धुरपताकाकीचा चहा, वजा चार

आंधळगावच्या निकेशने तीन वर्षं खपून जो व्हिडिओ गेम बनवला, त्यात तलवार नाही, राक्षस नाही, राजकन्याही नाही. एक पाहुणा आहे. तो मंडईच्या दिवशी सकाळी एसटीतून उतरतो आणि दंडार सुरू व्हायच्या आत मैदानावर पोचायला निघतो. पोचला की जिंकला. अंतर साडेचारशे मीटर. वाटेत बावीस घरं आहेत.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दुकानं लागतात, दंडारीचा नाच-तमाशा होतो, सोयरेधायरे येतात. त्या दिवशी गावात आलेला माणूस कोणा एकाचा पाहुणा नसतो. ज्या घरावरून जाईल त्या घराचा असतो. ओट्यावरून हाक येते, "या न जी, चहा घ्या." नाही घेतला तर त्या घराचा अपमान, घेतला तर आपल्या पोटाचा. या दोन अपमानांच्या मधून वाट काढणं, एवढाच 'मंडईचा पाव्हणा' या गेमचा मामला.

पडद्यावर दोन पट्ट्या असतात, एक मान आणि एक तब्येत. शस्त्रं तीन: 'आत्ताच घेतला', 'शुगर हाय' आणि 'उपास हाय'. अनुभव वाढेल तशी पाहुण्याची पदवी वाढते. आधी ओळखीचा, मग सोयरा, शेवटी जावई. जावई झाल्यावर मान दुप्पट मिळतो, पण चहासोबत चिवडाही येतो. जाणते खेळाडू जावई होणं टाळतात.

एकविसावं घर हिरव्या दाराचं. तिथे एक म्हातारी पितळेच्या गंजीतून, म्हणजे मोठ्या पातेल्यातून, चहा ओतते. बाकीच्या घरी तब्येत एकाने उतरते, इथे चाराने. 'शुगर हाय' म्हटलं तर ती म्हणते, "गुळाचा ठेवतो." 'उपास हाय' म्हटलं तर, "उपासाले चहा चालते." आणि 'आत्ताच घेतला' म्हटलं तर, "तो त्याईचा घेतला. मंग मी कोनी नाही का जी?" यावर उत्तर द्यायची चौकट उघडते. ती रिकामी असते.

गेम इंटरनेटवर टाकला तेव्हा पहिल्या महिन्यात चाळीस जणांनी खेळला. निकेश घरी बसून नागपूरच्या ज्या कंपनीचं काम करतो, त्यातले निम्मे तिथलेच होते, आणि त्यांना तोंडावर नाही म्हणता आलं नव्हतं. मग नॉर्वेतल्या एका दाढीवाल्याने तो लोकांसमोर व्हिडिओत खेळून दाखवला. हिरव्या घरापाशी तो सहा तास अडकला. शेवटी चष्मा काढून ठेवून त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. ते काय होतं ते निकेशला कळलं नाही, पण त्यानंतर गेम चालला.

पोलंडच्या एका बाईंनी लिहिलं की आग्रह हीच हिंसा आहे हे इतक्या मायेने कोणी दाखवलं नव्हतं, दहापैकी नऊ. ब्राझीलच्या एकाने लिहिलं, ही माझी आजी आहे, तुम्हाला कसं कळलं. कॅनडातल्या एका विद्यार्थ्याने बत्तीस पानांत सिद्ध केलं की हिरव्या दारातली म्हातारी म्हणजे मृत्यू, आणि गंजी म्हणजे काळ. रिकाम्या चौकटीचं कौतुक सगळ्यांत जास्त झालं. इतकं धाडसी मौन अलीकडे कोणत्याच गेममध्ये नाही, यावर दोन खंडांचं एकमत झालं.

निकेशला तिथे उत्तर सुचलं नव्हतं. नंतर भरू म्हणून जागा सोडली आणि राहून गेलं. हे त्याने फक्त अश्वजितला सांगितलं. अश्वजित म्हणाला, "आता कोनाले सांगू नोको."

अश्वजित भंडाऱ्याला बँकेत आहे. गेममधली चित्रं त्याची, रविवारी काढलेली. मोबदला म्हणून त्याने एकच गोष्ट मागितली होती, तेविसावं घर. ते त्याच्या आईचं, मंगलाबाईंचं. गावाच्या तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. बोडीच्या पाळीवरून डावीकडे वळलं की बौद्ध वस्ती लागते, तिथलं पहिलं घर. गेममध्ये तिथला चहा तब्येत उतरवत नाही, उलट सहाने वाढवतो. पाटी नाही, खूण नाही. परदेशी खेळाडूंना ते घर सहाव्या दिवशी सापडलं आणि त्यांनी त्याला 'गुप्त घर' असं नाव दिलं. आंधळगावात ऐंशी फोनांत गेम होता, पण एकालाही ते सापडलं नाही. तिकडे रस्ता जातो हे सगळ्यांना माहीत होतं. मंडईच्या दिवशी तिकडेही वळता येतं, हे कोणाच्या बोटांना माहीत नव्हतं.

त्या ऐंशी फोनांत गेम घालणारा गोलू. त्याचं बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज मारायला आलेल्या माणसाच्या फोनात तो न विचारता गेम टाकून द्यायचा, आणि गावचा अभिमान म्हणून त्याचे वेगळे पैसे घ्यायचा नाही. गेमला स्टार द्यायचे असतात हेही त्यानेच लोकांना सांगितलं. पण स्टार फोनवर दाबायचे असतात हे लोकांना पटलं नाही. ते निकेशच्या ओट्यावर येऊन द्यायला लागले.

पहिले पुंडलिकराव आले. माजी सरपंच.

"काय गा निकेश, माह्या घरी एकच खुर्ची दाखवली?"

"काका, ते तुमचं घर नाही जी. काल्पनिक हाय."

"काल्पनिकाच्या दारात माही मोटरसायकल उभी हाय बे. नंबर बी तोच हाय."

चूक अश्वजितची होती, फोटोवरून काढताना त्याने नंबरही काढला होता. पुंडलिकरावांनी चष्मा पुसून निकाल दिला. "तीन स्टार. चार खुर्च्या टाक, मंग चौथ्याचं पाहू."

ललिताबाईंनी एकच दिला. "माह्या चहाले वजा एक, अन शेजारनीच्या बी चहाले वजा एक? तिच्यात तर दूधच नसते!" घनश्यामचं घर गेममध्ये नव्हतंच, म्हणून त्याने शून्य दिला आणि विचारलं, की मग पाहुण्याने मंडईला जावं तरी कोणीकडून. आठवडाभरात एकोणीस घरांचे दुरुस्तीचे अर्ज तोंडी आले. आपलं घर काढून टाक असं कोणी म्हटलं नाही. निकेशने चहाच्या सक्तीवर टीका केली आहे, असंही कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग गोलूने कौतुकाने गेम धुरपताकाकीला दाखवला.

धुरपताकाकी निकेशची चुलत काकी. दोन्ही घरांची भिंत एक. काका जाऊन अठरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. वर्षभर तिच्या दारात कामाशिवाय कोणी येत नाही. मंडईच्या दिवशी येतात, कारण मैदानाचा रस्ता तिच्या ओट्यासमोरून जातो आणि ती ओट्यावर उभी असते. सकाळी पितळेची गंजी चुलीवर चढते ती सांजेपर्यंत उतरत नाही. दूध, पत्ती, साखर, अद्रक, काळी मिरी वरून पडत राहतं, खालचं काही निघत नाही. चारच्या सुमाराचा चहा कपात ओतला की थोडा वेळ तसाच उभा राहतो. गेल्या मंडईला तिने एकशे चौदा कप पाजले होते. वर्षभर तो आकडा ती अधूनमधून सांगायची.

"वजा चार म्हंजे काय?" तिने गोलूला विचारलं.

"म्हंजे पेल्यावर तब्येत खराब होते, काकी. पन फेमस झाली तू. पार नॉर्वेत!"

काकी तशीच उठून निकेशकडे आली. दारातच उभी राहिली.

"निकेश, माह्या चहानं कोन मेलं बे?"

"काकी, ती तू नाही. ते गेममधलं पात्र हाय."

"हिरवं दार कोनाचं? गंजी कोनाची? 'मी कोनी नाही का' हे कोन म्हनते?"

"हे तर सारेच म्हनतात न, काकी. गावात सारे."

"सारे म्हनतात त्याईले कोनी ना कोनी हाय," काकी म्हणाली. "मी खरंच इचारतो."

ही चौकटही रिकामीच होती.

"मंडईले अकरा दिस हायेत," ती म्हणाली. "यंदा एक बी पाव्हना माह्या ओट्यावर चढला नाही, तर तुह्या घरचं पानी मी पेनार नाही. मराच्या येळी बी तोंडात टाकू नोको."

"मी येतो न, काकी. धा कप घेतो."

"तू घरचा. घरचा मोजत नसते."

निकेशला संगणकावर जे करता येण्यासारखं होतं ते त्याने त्याच दिवशी केलं. हिरव्या घराचा चहा वजा चारवरून अधिक चार केला आणि गेमची नवी आवृत्ती जगाला पाठवली. दुसऱ्या दिवशी जेवायला बसेपर्यंत सहाशे लोकांनी एकेक स्टार दिला होता. तिला मारून टाकलं, असं पोलंडच्या बाईंनी लिहिलं. कॅनडाच्या विद्यार्थ्याची बत्तीस पानं वाया गेली होती, त्याने सविस्तर शिवी दिली. नॉर्वेच्या दाढीवाल्याने अकरा मिनिटांचा व्हिडिओ काढला. त्यात तो नुसता बसून आहे.

आंधळगावात मात्र काहीच बदललं नाही. गोलूने गेम एका फोनातून दुसऱ्या फोनात ढकलला होता, आणि तसा ढकललेला गेम आपोआप नवा होत नाही. म्हणजे काकीचा चहा जगभर गोड झाला आणि गावात होता तसाच राहिला.

आणखी एक गोष्ट झाली होती. चहा नाकारायला माणसाला पूर्वी जड जायचं, नजर खाली जायची, जीभ अडखळायची. आता प्रत्येकाकडे तयार शस्त्रं होती. मंडईच्या आधीच ललिताबाईंच्या सख्ख्या दिराने त्यांच्या दारात 'शुगर हाय' म्हटलं आणि हसला. तो हसला याचंच ललिताबाईंना जास्त लागलं.

मंडईच्या दिवशी धान कापून बांध्यांत पडलं होतं आणि मळणीचं यंत्र बंद होतं. बसस्टँडपासून मैदानापर्यंत फुगे, बांगड्या, जिलेबी, शिंगाडे. काकी पहाटेच उठली होती. निकेशला भिंतीपलीकडून चिंचेने गंजी घासण्याचा आवाज आला. एवढा वेळ तिने ती कधी घासली नव्हती.

दहा वाजल्यापासून ती ओट्यावर उभी होती. निकेश आपल्या ओट्यावर बसून होता. दोघांच्या मधे हातभर अंतर, आणि दोघंही समोर बघत होते.

"या न जी, चहा घ्या."

"आत्ताच घेतला, काकी."

"या न, बाई."

"उपास हाय वं."

एका पोट्ट्याने तिन्ही शस्त्रं एका दमात म्हटली आणि पळाला. दोघी पोरी हिरव्या दाराचा फोटो काढून पुढे गेल्या. काकी प्रत्येकाला हाक मारत होती, पण पुढचं वाक्य म्हणत नव्हती. मी कोनी नाही का, हे तिने त्या दिवशी कोणालाच विचारलं नाही. निकेशने दुपारी तीनपर्यंत वाट पाहिली आणि घरात जाऊन अश्वजितला फोन लावला. तो मंडईसाठी आईकडे आला होता.

"कोनाले तरी पाठव न बे इकडं."

"मी कोनाले पाठवू?" अश्वजित म्हणाला. "आमच्याच घरी आज कोन येते? थांब. गोलू येऊन राहिला. चार पोट्टे हायेत संग. काय भानगड हाय पाहतो, मंग सांगतो."

भानगड अशी होती. गोलूने कोणा परदेश्याचा व्हिडिओ पाहिला होता, गेम हमखास जिंकायची युक्ती सांगणारा. आधी गुप्त घरी जाऊन तब्येतीचे सहा कमवायचे, मग हिरव्या घरी चार घालवायचे, उरलेल्या दोनात मैदान गाठायचं. हे खरोखर करून त्याचा व्हिडिओ काढायचा, असं गोलूने ठरवलं होतं. गुप्त घर बोडीपलीकडे मंगलाबाईंचं आहे, हे त्याला परदेश्याकडून कळलं. मंगलाबाई त्याच्या शाळेत खिचडी वाढायच्या.

मोठ्या आळीतले पाच जण पाळीवरून एका रांगेत येताना पाहून मंगलाबाई दारात आल्या.

"काय झालं बापा? कोन गेलं?"

"कोनी नाही गेलं, मावशी. चहा प्याले आलो."

मंगलाबाईंनी पाचही तोंडांकडे एकदा बघून घेतलं. मग अश्वजितला दूध आणायला पाठवलं. या दिवशी पाहुण्यांसाठी म्हणून दूध ठेवायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. चहा चारचौघांसारखाच झाला. गोलूने घोट घेतला, कप कॅमेऱ्यासमोर धरला आणि जाहीर केलं, "अधिक सहा!"

"हे सहा काय हाय?" मंगलाबाईंनी मुलाला हळूच विचारलं.

"मार्क हायेत, माय."

"कितीपैकी?"

साडेतीनला पाचही जण धुरपताकाकीच्या ओट्यावर चढले. काकीने पदर सारखा केला, पाच कप मांडले, ओतले. निकेश भिंतीला टेकून बघत होता. गोलूने कॅमेरा चालू केला, डोळे मिटले, मोठा घोट घेतला. डोळे उघडले.

"काकी, हा तो नाही."

"कोनता?"

"वजा चारवाला."

चहा पातळ होता, दुधाळ होता, वरून इलायची होती. अठरा वर्षांत पहिल्यांदा काकीने मंडईच्या दिवशी मधेच गंजी रिकामी करून धुतली होती आणि लोकांना आवडेल असा चहा केला होता.

"तो बेकार हाय म्हन्ता न तुमी," ती म्हणाली.

"बेकार हाय म्हनूनच तं आलो!" गोलू म्हणाला. "बोडीकून फिरून आलो, काकी. सहा घेऊन आलो. आता हे सहा मी कुठं खर्च करू?"

काकीने पाचही कप गंजीत रिकामे केले, गंजी उचलली, सगळा चहा जास्वंदीच्या बुडाशी ओतला आणि गंजी परत चुलीवर ठेवली.

"मंग बसा. याले येळ लागते."

"किती?"

"चार वाजताचा चहा सकाळपासून होते."

ओट्यावर बसलेल्या पाहुण्याला उठता येत नाही, हे गेममध्येही आहे आणि गावातही. पोट्टे बसले. मैदानावर ढोलकी वाजायला लागली तरी बसले. रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसलं, की पाच माणसं रिकामे कप धरून कशाची तरी वाट बघत आहेत. आंधळगावात पाच जण वाट बघत असले की सहावा थांबतो. सातव्याने विचारलं की काय मिळून राहिलं. 'चहा, पन व्हायचा हाय,' असं उत्तर आलं. धुरपताबाईचा चहा व्हायचा आहे, ही गोष्ट गावाने कधी ऐकली नव्हती. ती खरी आहे का ते बघायला आणखी लोक थांबले. काकी अद्रक ठेचत होती, मिरी टाकत होती, कोणाकडे बघत नव्हती.

पुंडलिकराव पाचच्या सुमाराला आले. ते दंडारीचे प्रमुख पाहुणे होते, त्यामुळे उशीर करणं त्यांना भागच होतं. तेवढ्यात गंजी उतरली. काळपट, जड चहा कपांत पडायला लागला.

"मले अर्धाच, धुरपताबाई," पुंडलिकराव म्हणाले. "शुगर हाय."

काकीने ओतता ओतता हात थांबवला. सकाळपासून न म्हटलेलं वाक्य म्हणाली.

"मंग मी कोनी नाही का जी?"

पुंडलिकरावांनी तोंड उघडलं. तीस वर्षं ते या प्रश्नाला काही ना काही उत्तर देत आले होते. पण यंदा त्यांनी गेम खेळला होता, आणि चौकट रिकामी असते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तोंड मिटलं, ओट्यावर बसले आणि कप पुढे केला. काकीने काठोकाठ भरला.

गोलूच्या डोळ्यांत पाणी आलं. "हा हाय! वजा चार!" तो कॅमेऱ्यात ओरडला. त्यावरून वाद सुरू झाला. घनश्यामचं म्हणणं पडलं की चार नाही, पाच. ललिताबाई म्हणाल्या, तीनच, आजकाल मिरीत दम नसते. दंडार पुंडलिकरावांसाठी अर्धा तास थांबली, आणि मैदानावरून त्यांना न्यायला आलेल्या दोघांनाही एकेक कप घ्यावा लागला.

सगळे गेल्यावर निकेश उतरून काकीच्या ओट्यापाशी आला. ती कप विसळत होती.

"किती झाले, काकी?"

"एकूनतीस."

"गेल्या वर्षी एकशे चौदा होते."

"हव." तिने गंजीच्या तळाशी उरलेलं एका कपात निथळून त्याच्यापुढे ठेवलं.

"घरचा मोजत नसते," निकेश म्हणाला.

"नाही मोजत. पे."

त्याने प्याला. काकी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"तुह्या फोनात आता किती हाय?"

"अधिक चार केलं, काकी."

"कोनाले इचारून?"

निकेशने कप खाली ठेवला.

"वजा कर."

"चार?"

"पाच. यंदा अद्रक जास्त पडलं." तिने गंजी पालथी घातली, ओट्याच्या कडेला टेकून बसली आणि पदराने गळा पुसला. मग भिंतीकडे मान करून म्हणाली, "अन तुह्या मायले सांग, एक लोटा पानी पाठव. सकाळपासून वरडून वरडून घसा सुकला."